आधी ऑल्टरनेटर गेला, मग रेडिओ: दिव्याच्या खुणेवर उतरण्याचा अनुभव

रेडिओ बंद पडला तर काय करायचं, हा धडा परवान्याच्या परीक्षेसाठी प्रत्येकजण पाठ करतो. टॉवरवरून दाखवल्या जाणाऱ्या दिव्याच्या खुणांचा, हिरवा स्थिर, लाल स्थिर, हिरवा लुकलुकता, लाल लुकलुकता असा तक्ता घोकायचा, गुण मिळवायचे आणि पुढे जायचं. मार्चमधल्या एका शनिवारी मला तो तक्ता प्रत्यक्षात वापरावा लागला. कोणाला खरचटलंही नाही, विमानालाही काही झालं नाही, त्यामुळे यात थरार शोधणाऱ्यांची निराशा होईल. पण नंतर क्लबातल्या शिकाऊ मुलामुलींनी जे विचारलं त्यातलं बरंचसं पुस्तकात नसतं. बॅटरी किती वेळ टिकते? टॉवरवाले रागावतात का? कागदपत्रं किती, पैसे कोण भरतं? म्हणून जे घडलं ते क्रमाने लिहून ठेवते आहे.

विमान चार आसनी, एका इंजिनाचं, वर पंख असलेलं, जुन्या गोल घड्याळांच्या पॅनेलचं. अशा विमानात ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारं वीज बनवणारं यंत्र, बंद पडून वीज गेली तर काय जातं आणि काय राहतं, हे पुढचं सगळं समजण्यासाठी महत्त्वाचं आहे. इंजिन थांबत नाही, कारण ठिणगी मॅग्नेटोतून येते आणि मॅग्नेटोंना बॅटरीची गरज नसते. वेग, उंची आणि चढ-उताराचा दर दाखवणारी घड्याळं हवेच्या दाबावर चालतात. कृत्रिम क्षितिज आणि दिशादर्शक जायरो आमच्या विमानात इंजिनावरच्या व्हॅक्यूम पंपावर होते. जातं ते असं: दोन्ही रेडिओ, ट्रान्सपाँडर (रडारला विमानाचा कोड कळवणारं यंत्र), सगळे दिवे, टर्न कोऑर्डिनेटर (वळण दाखवणारं घड्याळ), इंधनाचे काटे आणि फ्लॅपची, म्हणजे उतरताना पंखांच्या मागून खाली येणाऱ्या पट्ट्यांची, मोटर. म्हणजे विमान उडत राहतं, पण मुकं आणि बहिरं होतं.

सकाळी उड्डाणापूर्वी विजेचा प्रवाह दाखवणारा अ‍ॅमीटर नेहमीसारखा तपासला होता. इंजिन चालू असताना लँडिंग लाइट लावला की काटा क्षणभर हलतो आणि परत जागेवर येतो, तसा तो आला. टेक लॉगमध्ये, म्हणजे विमानातल्या बिघाडांच्या नोंदवहीत, विजेबद्दल कोणाची तक्रार नव्हती. शेजारच्या आसनावर क्लबातलीच एक मैत्रीण होती. तिचा परवाना अजून व्हायचा होता, पण नकाशा आणि घड्याळ तिच्या हातात दिलं की मी निश्चिंत असते. एका विमानतळावर जाऊन, जेवून, दुपारी परत यायचं एवढाच बेत होता.

परतीच्या वाटेवर ४५०० फुटांवर असताना, दोन वाजून दहा मिनिटांनी, पॅनेलवरचा कमी व्होल्टेजचा लाल दिवा लागला. आवाज नाही, धक्का नाही, इंजिनाच्या सुरात काडीचाही फरक नाही. अ‍ॅमीटरचा काटा शून्याच्या डावीकडे गेला होता, म्हणजे बॅटरीतून वीज जात होती आणि भरत नव्हती. घरच्या विमानतळाला अजून अडतीस मिनिटं होती.

पहिली गोष्ट नाकाने केली. जळका वास येतोय का? धूर? तसं असतं तर मास्टर, म्हणजे विजेचा मुख्य स्विच, पूर्ण बंद करून बाकीचा विचार नंतर, कारण विजेच्या आगीपुढे रेडिओची काय किंमत. वास नव्हता. मग मैत्रिणीने चेकलिस्ट मोठ्याने वाचली आणि मी हात चालवले. एव्हिऑनिक्सचा (रेडिओ आणि दिशादर्शन यंत्रांचा) स्विच बंद, ऑल्टरनेटरचा सर्किट ब्रेकर आत आहे ना ते बोटाने दाबून पाहिलं, मास्टरचे बॅटरी आणि ऑल्टरनेटर हे दोन्ही भाग बंद, परत चालू. व्होल्टेज क्षणभर जास्त झालं म्हणून ऑल्टरनेटर स्वतःच बंद पडला असेल तर एवढ्यावर तो परत येतो. आमचा दिवा विझला, मी एव्हिऑनिक्स चालू केलं, आणि दिवा पुन्हा लागला. यादीत पुढे लिहिलं आहे: ऑल्टरनेटर बंद, अनावश्यक उपकरणं बंद, शक्य तितक्या लवकर उतरा. परत परत चालू-बंद करून पाहण्याचा मोह होतो. यादीत ते एकदाच सांगितलं आहे आणि मी तिथेच थांबले.

इथून पुढे सगळा हिशेब बॅटरीचा. अर्धा तास मिळतो असं शिकवतात, पण तो आकडा चांगल्या, भरलेल्या बॅटरीचा आणि ओझं कमी केल्यावरचा असतो. तुमच्या विमानातली बॅटरी किती वर्षांची आहे ते तुम्हाला क्वचितच माहीत असतं. लँडिंग लाइट आणि पिटो हीट (वेग मोजणारी नळी गरम ठेवणारं यंत्र) ही सर्वांत खाणारी मंडळी, ती आधीच बंद होती. मी दुसरा रेडिओ, दिशादर्शन यंत्र आणि स्ट्रोब (बाहेरचे चमकणारे दिवे) बंद केले. एक रेडिओ आणि ट्रान्सपाँडर ठेवला. रेडिओ नुसता ऐकत असतो तेव्हा फारसं खात नाही, पण बोलायचं बटण दाबलं की कितीतरी पट वीज ओढतो. म्हणून जे बोलायचं ते आधी मनात रचून, एका दमात.

काहींचं मत असं की मास्टरच बंद करावा, मुक्यानेच प्रवास करावा आणि विमानतळाच्या दहा मैल अलीकडे चालू करून उरलेली बॅटरी तिथे वापरावी. रिकाम्या आकाशात मीही तेच केलं असतं. आमच्या वाटेवर शनिवारची गर्दी होती, ग्लायडर होते. वाटेतल्या विमानांना रेडिओवरून माहिती देणाऱ्या माहिती सेवेच्या कंट्रोलरला आम्ही पडद्यावर दिसत राहावं असं मला वाटलं.

सव्वादोनला त्याच माहिती सेवेला बोलले. तीनदा ‘पॅन पॅन’ म्हणून मग कॉल साइन (विमानाचं रेडिओवरचं नाव), जागा, उंची, ऑल्टरनेटर बंद पडल्याचं, बॅटरीवर असल्याचं, रेडिओ कधीही जाईल हे, विमानात दोघी, इंधन तीन तासांचं. ‘मेडे’ जिवावरच्या संकटासाठी असतो, ‘पॅन पॅन’ तातडीसाठी. या दोन शब्दांआधी जीभ अडखळते, हे खरं. उगाच गाजावाजा होईल, सगळे ऐकतील असं वाटतं. पण त्या दोन शब्दांनी वारंवारितेवर क्षणात शांतता झाली आणि पुढची दोन मिनिटं ती वाहिनी फक्त आमची होती. ज्याची बॅटरी मोजकी आहे त्याला याहून मोठी मदत काय हवी? नंतर कोणी त्याबद्दल एक शब्दही विचारला नाही.

आता उतरायचं कुठे? आंतरराष्ट्रीय नियम सोपा आहे. दृश्य हवामानात संपर्क तुटला तर दृश्य हवामानातच उडत राहा, जवळच्या योग्य विमानतळावर उतरा आणि उतरल्याचं लवकरात लवकर कळवा. त्यातल्या ‘योग्य’ या शब्दाचा विचार आम्ही दोघींनी मोठ्याने केला. पंधरा मिनिटांवर एक छोटी धावपट्टी होती, पण तिथे माणूस नव्हता आणि पट्टी आखूड. घरचा विमानतळ पुढे होता, लांब धावपट्टीचा, टॉवर आणि अग्निशमन दलासह. दिवस मावळायला चार तास होते, आकाश निरभ्र, इंजिन ठणठणीत. तरीही नियंत्रित क्षेत्रात मुकं होऊन शिरणं मला मंजूर नव्हतं. म्हणून रेडिओ जिवंत असतानाच परवानगी मागून घेतली. माहिती सेवेने टॉवरशी बोलून निरोप दिला: संपर्क तुटला तरी क्षेत्रात या, दोन हजार फुटांवर विमानतळाच्या डोक्यावर या, धावपट्टी २७, डाव्या हाताचं सर्किट (धावपट्टीभोवतीची ठरलेली फेरी), दिव्याच्या खुणा पाहा. मी तो शब्दन् शब्द परत वाचून दाखवला आणि मैत्रिणीने गुडघ्यावरच्या पाटीवर लिहिला. हा निरोप मिळाला नसता तर मी छोट्या धावपट्टीकडे वळले असते. वाचणाऱ्याने या सगळ्यातली एकच गोष्ट उचलायची असेल तर ही: आवाज आहे तोवर पुढचं सगळं ठरवून घ्या, म्हणजे नंतर दोन्ही बाजूंना एकच गोष्ट माहीत असते.

दोन एकतीसला माझं बोलणं त्यांच्यापर्यंत जाणं थांबलं. बटण दाबलं की रेडिओवरचे आकडे मंद होत आणि सोडलं की परत उजळत. व्होल्टेज घसरलं की आधी पाठवणं बंद पडतं, ऐकणं थोडा वेळ टिकतं. कंट्रोलर दोनदा हाका मारत होता आणि मी देत असलेलं उत्तर त्याला ऐकू येत नव्हतं. हा वेळ सगळ्यात विचित्र गेला. समोरचा माणूस आपल्याला हाक मारतोय, आवाजात किंचित काळजी आहे, आणि आपण त्याला ‘आहोत, आहोत’ म्हणू शकत नाही.

तेवढ्यात तो म्हणाला, “इफ यू रीड, स्क्वॉक आयडेंट.”

ऐकू येत असेल तर ट्रान्सपाँडरवरचं ओळखीचं बटण दाबा. मी दाबलं. काही सेकंदांनी, “आयडेंट ऑब्झर्व्ह्ड,” आणि त्याचा आवाज सैल झाला. माझाही जीव भांड्यात पडला. त्यानंतर त्याने वाऱ्याची दिशा, दाबाचा आकडा आणि सर्किटमध्ये दोन विमानं असल्याचं सांगितलं, प्रत्येक वाक्यानंतर मी आयडेंट दाबत गेले. हा संवाद पाच मिनिटं चालला असेल. परीक्षेच्या पुस्तकात त्याबद्दल एक ओळ असते.

दरम्यान नेहमीच्या शंका झटपट तपासून घेतल्या: हेडसेटचे प्लग पूर्ण आत आहेत का, आवाज आणि स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) ठीक आहेत का, दुसऱ्या हेडसेटवरून जातं का, हातातल्या माइकवरून जातं का. आमच्या बाबतीत कारण उघड होतं, पण बाकी सगळं ठीक असताना फक्त रेडिओ गप्प झाला तर आधी हेच पाहायचं. सैल झालेला प्लग हे कारण फार सामान्य आहे. गुडघ्याने ढकलला जातो. आणि ‘पाठवत आहे’ हा दिवा सतत लागलेला असेल तर बोलायचं बटणच अडकलेलं असतं, अशा वेळी आपणच सगळ्यांची वाहिनी अडवून बसलेले असतो.

ट्रान्सपाँडरवर ७६०० लावला. ७५०० अपहरणासाठी, ७६०० संपर्क तुटल्यासाठी, ७७०० आणीबाणीसाठी. जुन्या फिरत्या बटणांच्या ट्रान्सपाँडरवर एक बारीक गंमत आहे. आकडे शून्य ते सात एवढेच असतात. तुमचा कोड ७००० असेल आणि दुसरं बटण पुढे फिरवलंत तर वाटेत ७५०० लागतो, मागे फिरवलंत तर ७७००. म्हणून आधी स्टँडबाय, मग आकडे, मग परत चालू. गप्प विमान जमिनीवरच्यांना किती अस्वस्थ करतं याचं उदाहरण आपल्याकडच्या अनेकांनी पाहिलं असेल: १६ फेब्रुवारी २०१७ रोजी मुंबईहून लंडनला निघालेल्या प्रवासी विमानाचा जर्मनीवर संपर्क तुटला आणि लढाऊ विमानं उठून त्याच्या शेजारी आली. ती चित्रफीत बराच काळ फिरत होती. मौनाचा अर्थ काहीही लावता येतो. ७६०० त्या मौनाचं कारण सांगतो.

दोन छत्तीसला पॅनेलवरचे सगळे आकडे गेले. टर्न कोऑर्डिनेटरवर लाल निशाण आलं आणि इंधनाचे दोन्ही काटे रिकाम्यावर येऊन बसले. त्या काट्यांनी पोटात खड्डा पडतो, माहीत असूनही. सकाळी टाक्यांत मोजपट्टी बुडवून पाहिलेलं इंधन आणि उडालेले तास एवढाच पुरावा खरा. मैत्रिणीने मी न विचारता तो हिशेब परत करून मोठ्याने सांगितला. तिचे आभार मानायचे तर त्यासाठी.

मोबाइलचाही प्रयत्न झाला. हवेत फोन वापरण्याचे नियम देशागणिक वेगळे आहेत, पण अशा वेळी कोणी त्यावर वाद घालणार नाही. फोन लागला नाही. क्लबच्या कार्यालयाला पाठवलेला मेसेज गेला होता, हे उतरल्यावर कळलं, आणि शनिवारी दुपारी तो फोन कोणी पाहत नाही, हेही. क्लबच्या नंबराऐवजी टॉवरचा नंबर साठवलेला हवा.

मग बारा मिनिटं फक्त उडायचं. या बारा मिनिटांबद्दल सांगण्यासारखं काही नाही, आणि तोच त्यांचा त्रास. हात रिकामे, कान रिकामे, इंजिन नेहमीसारखं. तोंडाला कोरड पडली होती. आम्ही ठरवून दर दोन मिनिटांनी एकमेकींना वेग, उंची, दिशा सांगत होतो. आणि बाहेर पाहणं: रेडिओ नसताना दुसरं विमान दिसण्याचा एकच मार्ग डोळे. आमचे दिवे गेले होते, ट्रान्सपाँडर गेला होता, म्हणून इतर विमानांना टक्कर टाळण्याचा इशारा देणारी यंत्रणाही आम्हाला पाहू शकत नव्हती.

ढगात असतो तर? ज्यांना इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न दिसता फक्त यंत्रांवर उडण्याची पात्रता) करायचं आहे ते हे नेहमी विचारतात. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे शेवटची दिलेली उंची आणि वेग, किंवा किमान सुरक्षित उंची जास्त असेल तर ती, जिथे रडारची देखरेख नाही तिथे ठरलेल्या बिंदूवर खबर देता न आल्यापासून वीस मिनिटं ठेवायची. देखरेख असेल तिथे सात मिनिटं. ही सात मिनिटं ज्या क्षणांपासून मोजतात त्यांत ७६०० लावण्याचा क्षणही येतो, म्हणून तो लावल्याची वेळ लिहून ठेवायची. त्यानंतर दाखल केलेल्या योजनेप्रमाणे जायचं आणि सांगितलेल्या किंवा अंदाजित वेळेला खाली यायला लागायचं. अमेरिकेतला नियम थोडा वेगळा आहे, म्हणून जिथे उडता तिथलंच पुस्तक वाचा. दोन्हींचा हेतू मात्र एक: तुम्ही काय कराल याचा अंदाज खालच्या माणसाला तुमच्याशी न बोलता बांधता यावा, म्हणजे तो बाकीची विमानं तुमच्या वाटेतून काढू शकतो. ऐनवेळी सुचलेली हुशारी इथे घातक.

दोन पन्नासला विमानतळाच्या डोक्यावर पोचलो. विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) पाहिला, २७ साठी वारा ठीक होता. सर्किटमध्ये दोन विमानं दिसली, दोन्ही मोजली, मग सर्किटच्या विरुद्ध बाजूला खाली उतरून डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर पण उतरण्याच्या उलट दिशेने जाणाऱ्या बाजूला, आलो. मैत्रिणीचं काम एकच: टॉवरच्या काचेकडे पाहत राहायचं. दिव्याची बंदूक म्हणजे सगळीकडे पसरणारा प्रकाश नाही. तो एक अरुंद झोत असतो, कंट्रोलरने नेम धरून मारलेला. भर उन्हात काचांवर सूर्य चमकत असतो आणि कुठली चमक खरी ते कळत नाही.

“लाल. थांब... हो, लाल. स्थिर आहे.”

स्थिर लाल: इतरांना जाऊ द्या, घिरट्या चालू ठेवा. दिसल्याची पोच म्हणून पंख डावी-उजवीकडे हलवले. दिवसा पोच अशीच देतात. रात्री लँडिंग लाइट किंवा नेव्हिगेशन लाइट दोनदा लुकलुकवायचे असतात, आणि आमच्याकडे तेही नसते, हा विचार करून मी दुपारच्या उन्हाचे आभार मानले. लाल लुकलुकता असता तर अर्थ वेगळा, विमानतळ असुरक्षित, उतरू नका. पुढचं विमान उतरेपर्यंत आम्ही एक पूर्ण फेरी मारली.

दुसऱ्या डाउनविंडला बराच वेळ काहीच दिसेना. मी मनात ठरवलं होतं की हिरवा दिसल्याशिवाय फायनलवर, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ रेषेवर, खाली यायचं नाही, परत वर जायचं. डाउनविंडच्या शेवटाला तो आला: हिरवा, स्थिर. उतरायला परवानगी. पुन्हा पंख हलवले. बेस (फायनलच्या आधीची आडवी बाजू) आणि फायनलवर पंख हलवून पोच देण्याची अपेक्षा कोणी करत नाही, आणि तिथे तसं करूही नये, जमीन जवळ असते. फायनलवर तोच हिरवा समोर स्थिर होता.

फ्लॅप विजेचे, म्हणून फ्लॅपविना उतरायचं. आमच्या विमानाच्या पुस्तकात फ्लॅप वर असताना अ‍ॅप्रोचचा वेग ६५ ते ७५ नॉट आहे, फ्लॅप खाली असताना ६० ते ७०. फरक कागदावर छोटा वाटतो, पण नाक वर असतं, धावपट्टी नेहमीपेक्षा कमी दिसते, उतार सपाट लागतो आणि जमिनीजवळ विमान तरंगत राहतं. लांब धावपट्टी निवडल्याचं समाधान तिथे मिळालं. या विमानाचा स्टॉलचा, म्हणजे पंखांची उचल सुटत आल्याचा, भोंगा हवेवर वाजतो, त्याला वीज लागत नाही. चाकं टेकताना तो नेहमीसारखाच वाजला.

धावपट्टी सोडून टॅक्सीवेवर थांबले. इथे घाईत निघून जाणं सोपं आहे, पण जमिनीवरही परवानगी दिव्याचीच. हिरवा लुकलुकता आला, म्हणजे टॅक्सी करा. रडर (शेपटीचं सुकाणू) हलवून पोच दिली. मागे अग्निशमन दलाची गाडी होती. ती जागेपर्यंत आमच्याबरोबर आली आणि चालक हात हलवून निघून गेला.

इंजिन बंद केल्यावर पहिलं काम: टॉवरला फोन. हे विसरू नका. अपेक्षित वेळी संपर्क झाला नाही तर तीस मिनिटांनी ‘अनिश्चितता’ ही पहिली पायरी सुरू होते, मग सावधानता, मग संकट, आणि त्या शेवटाला शोधपथकं असतात. आम्ही टॉवरच्या डोळ्यांसमोर उतरलो होतो, पण एखाद्या निर्मनुष्य पट्टीवर उतरणाऱ्याने फोन केला नाही तर कोणीतरी त्याला शोधायला निघेल. कंट्रोलर शांत होता. वेळा विचारल्या, लाल दिवा पहिल्यांदा कधी दिसला ते विचारलं आणि सांगितलं की तो आम्ही डाउनविंडला आल्यापासून झोत धरून होता. म्हणजे आम्हाला दिसला त्याच्या बऱ्याच आधीपासून.

आता कागद. टेक लॉगमध्ये नोंद केली: लक्षणं, वेळा, काय काय बंद-चालू केलं. ‘रेडिओ बंद’ एवढंच लिहिलं तर मेकॅनिक रेडिओ उघडून बसतो. अ‍ॅमीटर डावीकडे, कमी व्होल्टेजचा दिवा, एकदा रीसेट, पुन्हा दिवा, असं लिहिलं की तो थेट ऑल्टरनेटरकडे जातो. नोंद होताच विमान जमिनीवर. शनिवार असल्याने सोमवारपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही. मंगळवारी संध्याकाळी कारण कळलं. पट्टा शाबूत, ब्रश ठीक, रेग्युलेटर ठीक. ऑल्टरनेटरच्या फील्ड वायरचं टोकाचं टर्मिनल इंजिनाच्या कंपनाने तुटलं होतं. सुट्या भागाची किंमत नगण्य, शोधण्याची मजुरी त्याच्या कित्येक पट. बॅटरी पूर्ण उतरलेली, ती बाहेर काढून चार्ज करून क्षमतेची चाचणी घेतली. तिने ती पार केली नाही, म्हणून नवी आली, आणि तिच्या येण्याची वाट पाहण्यात उरलेला आठवडा गेला. हा सगळा खर्च क्लबच्या देखभाल निधीतून झाला. उड्डाणाचं भाडं मात्र नेहमीसारखं माझ्या नावावर लागलं, लाल दिव्यावर मारलेल्या घिरटीसकट. त्यावर वाद घालावासा वाटला नाही.

घटनेचा अहवाल वेगळा. युरोपात अशा अहवालासाठी ७२ तासांची मुदत आहे. अमेरिकेत नासाच्या सुरक्षा अहवाल योजनेकडे दहा दिवसांच्या आत पाठवला तर अनवधानाने झालेल्या नियमभंगाच्या दंडातून सूट मिळू शकते. तुमच्याकडची मुदत आणि फॉर्म कुठे मिळतो हे आजच बघून ठेवा, कारण त्या संध्याकाळी शोधत बसायचा उत्साह नसतो. फॉर्म लांबलचक असला तरी बहुतेक रकाने वेळा, उंची, हवामान, वजन, परवान्याचा क्रमांक असेच असतात. मैत्रिणीची पाटी इथे सोन्यासारखी ठरली, कारण तिने प्रत्येक गोष्टीपुढे वेळ लिहिली होती. ‘घटनेचं वर्णन’ या रकान्यात मी मत घातलं नाही, क्रम लिहिला. पाठवल्यावर पोच आली आणि मग बरेच आठवडे शांतता. ती शांतता हवेतल्या बारा मिनिटांपेक्षा जास्त छळते, असं मी गमतीने म्हणते, पण परवान्याची काळजी मनात होतीच. शेवटी दोन ओळींचं उत्तर आलं: नोंद घेतली, पुढील कारवाई नाही.

विमान परत आल्यावर मी आणि एका प्रशिक्षकाने टॉवरला आधी फोन करून दिव्याच्या खुणांचा सराव मागितला. कमी गर्दीची वेळ सांगितली तर बहुतेक टॉवर आनंदाने देतात, त्यांनाही बंदूक हाताळायची संधी क्वचित मिळते. पंधरा मिनिटं पुरतात. रेडिओ चालू ठेवून, आवाज न करता, फक्त दिव्यावर. दिवा सर्वांत स्पष्ट कुठून दिसतो ते मला तिथे कळलं: डाउनविंडच्या मध्याच्या जरा पुढे, टॉवर खांद्याच्या रेषेत असताना.

पिशवीत आता हातातला रेडिओ असतो. तो चांगल्या हेडसेटहून स्वस्त मिळतो. पण नुसता घेऊन भागत नाही. त्याला हेडसेट जोडायचा अडॅप्टर वेगळा घ्यावा लागतो, नाहीतर इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नाही, आणि धातूच्या केबिनमध्ये त्याच्या छोट्या अँटेनाचा पल्ला फार नसतो, विमानतळाच्या जवळ आल्यावरच उपयोगी पडतो. घेताना साधे सेल घालायचा जोडडबा मिळतो का ते विचारा. चार्ज करायचा राहून गेलेला रेडिओ पिशवीत असून नसल्यासारखा.